सूक्ष्मभिंगाने कृष्णद्रव्याचा शोध: एका प्रकाशवक्रापासून प्रभामंडलाच्या हिशेबापर्यंत

आकाशगंगेतील तारे आणि वायूचे ढग केंद्राभोवती ज्या वेगाने फिरतात, त्या वेगाला धरून ठेवण्याइतके वस्तुमान आपल्याला दिसणाऱ्या ताऱ्यांत नाही. उरलेले वस्तुमान तबकडीच्या बाहेर दूरवर पसरलेल्या एका जवळजवळ गोलाकार प्रभामंडलात आहे, असे मानले जाते. या न दिसणाऱ्या वस्तुमानाला कृष्णद्रव्य म्हणतात. ते कशाचे बनलेले आहे, हा प्रश्न गेली अनेक दशके खुला आहे. अद्याप न सापडलेले मूलकण हे त्याचे एक संभाव्य उत्तर आहे. दुसरे उत्तर असे, की प्रभामंडलात विझलेले तारे, तपकिरी बटू (तारा होण्याइतके वस्तुमान नसलेले गोळे), ताऱ्यांविना भटकणारे ग्रह किंवा विश्वाच्या आरंभी निर्माण झालेली कृष्णविवरे असे असंख्य घन, अंधारे गोळे फिरत असावेत. गुरुत्वीय सूक्ष्मभिंगाची पद्धत या दुसऱ्या उत्तराची थेट परीक्षा घेते. तिला गोळ्याच्या प्रकाशाची गरज नसते. त्याचे वस्तुमान पुरते.

हा लेख भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी, तसेच पायथनमध्ये थोडेफार काम करू शकणाऱ्या खगोलप्रेमींसाठी लिहिला आहे. एक प्रकाशवक्र, म्हणजे ताऱ्याचे तेज वेळेनुसार कसे बदलते याचा आलेख, तपासण्यापासून ‘प्रभामंडलाचा इतका टक्के भाग अशा गोळ्यांचा असू शकत नाही’ या विधानापर्यंतचा मार्ग त्यात क्रमाने सांगितला आहे. एक गोष्ट आधीच नमूद करतो. या शोधात घटना सापडणे हा निम्मा भाग आहे. आपल्या पाहणीला काय दिसले असते आणि काय निसटले असते, याचे मोजमाप हा उरलेला निम्मा भाग आहे आणि माझ्या मते तोच अधिक कठीण व अधिक मोलाचा आहे.

पद्धतीमागचे भौतिकशास्त्र

दूरच्या ताऱ्यासमोरून एखादा जड गोळा गेला, तर त्याचे गुरुत्वाकर्षण ताऱ्याचा प्रकाश वाकवते. गोळा, तारा आणि आपण अगदी एका रेषेत असलो तर ताऱ्याच्या जागी प्रकाशाचे कडे दिसायला हवे. या कड्याच्या त्रिज्येला आइन्स्टाइन त्रिज्या म्हणतात. रेषा थोडी चुकली तर ताऱ्याच्या दोन प्रतिमा तयार होतात. आइन्स्टाइनने १९३६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात यावर एक छोटे टिपण लिहिले आणि ताऱ्यांच्या बाबतीत हा परिणाम प्रत्यक्ष पाहायला मिळण्याची आशा नाही, असेही त्यात म्हटले. पुढे १९८६ मध्ये प्रिन्स्टन येथील बोहदान पाचिन्स्की यांनी दाखवून दिले, की आपल्या आकाशगंगेशेजारच्या मोठा मॅगेलनी मेघ या छोट्या दीर्घिकेतील लक्षावधी ताऱ्यांवर सतत नजर ठेवली, तर आपल्या प्रभामंडलातील अंधारे गोळे या मार्गाने मोजता येतील.

प्रत्यक्ष आकडे घालून पाहिल्याशिवाय ही पद्धत हाताला लागत नाही. आइन्स्टाइन त्रिज्येचा वर्ग काढण्यासाठी तीन राशींचा गुणाकार करावा: चार, गोळ्याचे वस्तुमान व गुरुत्वस्थिरांक यांच्या गुणाकाराला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागून येणारी लांबी, आणि अंतरांवर अवलंबून असलेला एक घटक. सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी पहिल्या दोन राशींचा गुणाकार ५.९ किलोमीटर येतो. अंतरांचा घटक म्हणजे गोळ्याचे अंतर गुणिले गोळा व तारा यांमधील अंतर, भागिले ताऱ्याचे अंतर. मोठा मॅगेलनी मेघ सुमारे ५० किलोपार्सेकवर, म्हणजे सुमारे १ लाख ६३ हजार प्रकाशवर्षांवर आहे. गोळा १० किलोपार्सेकवर असेल तर हा घटक ८ किलोपार्सेक होतो. गुणाकाराचे वर्गमूळ सुमारे १२१ कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्य आणि पृथ्वी यांमधील अंतराच्या आठपट भरते. आकाशात या त्रिज्येचा कोन एका विकलेच्या (अंशाच्या ३६००व्या भागाच्या) सुमारे १२००व्या भागाएवढा असतो. जमिनीवरील दुर्बिणीतून ताऱ्याची प्रतिमा साधारण एक विकला रुंद दिसते, त्यामुळे दोन प्रतिमा वेगळ्या दिसण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्याला मोजता येते ते केवळ त्यांचे एकत्रित तेज, आणि ते काही काळ वाढून पुन्हा पूर्ववत होते.

तेज किती वाढते, हे गोळा व तारा यांच्या कोनीय अंतरावर ठरते. हे अंतर आइन्स्टाइन त्रिज्येच्या पटीत मोजून त्याला ‘उ’ म्हटले तर:

वर्धन = (उ² + २) ÷ [उ × √(उ² + ४)]

उ एक असताना वर्धन १.३४ येते, म्हणजे तारा ०.३२ प्रतीने (प्रत हे ताऱ्याच्या तेजाचे खगोलशास्त्रीय माप) उजळतो. उ अर्धा झाला की वर्धन २.१८ होते आणि उ ०.१ असेल तर सुमारे १०. उलट उ दोन असताना ते जेमतेम १.०६ असते, म्हणून बहुतेक पाहण्या उ एकपेक्षा लहान असतानाच घटना घडली असे मानतात.

गोळ्याला आइन्स्टाइन त्रिज्या ओलांडण्यास लागणारा वेळ हा या शोधातील सर्वांत महत्त्वाचा मोजता येणारा आकडा आहे. याला आपण घटनाकाल म्हणू. वरील उदाहरणात गोळ्याचा आडवा वेग सेकंदाला २०० किलोमीटर धरला तर घटनाकाल ७० दिवस येतो. तो वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. सूर्याच्या शतांश वस्तुमानाला ७ दिवस लागतात, पृथ्वीएवढ्या वस्तुमानाला सुमारे ३ तास, तर शंभर सूर्यांच्या वस्तुमानाला ७०० दिवस, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे. जुने शोधनिबंध वाचताना येथे सावध राहावे. अशाच गोळ्यांचा शोध घेणाऱ्या माचो प्रकल्पाच्या लेखनात आइन्स्टाइन वर्तुळाचा व्यास ओलांडण्याचा काल दिलेला असतो, तर इतर बहुतेक ठिकाणी त्रिज्येचा. हा दुपटीचा फरक ध्यानात न घेता आकडे एकत्र केले, तर वस्तुमान चारपट चुकते.

कोठे आणि किती वेळा पाहावे

संपूर्ण प्रभामंडल अशा गोळ्यांचेच बनलेले असेल असे क्षणभर मानले, तरी मोठ्या मॅगेलनी मेघातील दर एक कोटी ताऱ्यांमागे कोणत्याही क्षणी केवळ पाच ताऱ्यांच्या आसपासच भिंगाच्या वर्तुळात सापडतील. या संभाव्यतेला प्रकाशीय खोली म्हणतात. म्हणून काही हजार तारे पाहून काहीही हाती लागत नाही. किमान काही लाख ताऱ्यांवर, आणि खरे तर कोट्यवधी ताऱ्यांवर, वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते.

मॅगेलनी मेघांची निवड त्यामुळेच झाली. तेथवरची दृष्टिरेषा प्रभामंडलातून लांबवर जाते आणि एकाच चित्रात प्रचंड संख्येने तारे मिळतात. आकाशगंगेच्या केंद्राकडील फुगवट्यात घटना पुष्कळ अधिक सापडतात, परंतु त्या जवळजवळ सर्व सामान्य ताऱ्यांमुळे घडतात. तंत्र शिकण्यासाठी फुगवटा उत्तम. प्रभामंडलाविषयी निष्कर्ष काढण्यासाठी मेघांकडेच जावे लागते. देवयानी दीर्घिका ही तिसरी दिशा आहे. सुबारू दुर्बिणीच्या विशाल कॅमेऱ्याने २३ नोव्हेंबर २०१४ च्या रात्री तिची सुमारे सात तास, दर दोन मिनिटांनी एक अशी चित्रे घेतली. हेतू अतिशय हलक्या आदिम कृष्णविवरांचा शोध हा होता, आणि त्या रात्रीच्या विदेतून (नोंदवलेल्या मापांतून) एकच संभाव्य घटना पुढे आली.

चित्रे किती अंतराने घ्यायची, हे कोणते वस्तुमान शोधायचे आहे त्यावरून ठरवावे. घटना चढताना आणि उतरताना मिळून किमान आठ-दहा मापे हवीत. सूर्याएवढ्या गोळ्यांसाठी तीन-चार रात्रींतून एकदा पाहिले तरी चालते. ग्रहाएवढ्या गोळ्यांसाठी एका रात्रीत अनेकदा पाहावे लागते. जड कृष्णविवरांसाठी वारंवारतेपेक्षा पाहणीची एकूण लांबी महत्त्वाची ठरते, कारण पाच वर्षांच्या पाहणीत सहा वर्षे चालणारी घटना ‘घटना’ म्हणून ओळखताच येत नाही. हलक्या बाजूला आणखी एक मर्यादा आहे. चंद्राएवढ्या वस्तुमानाची आइन्स्टाइन त्रिज्या मेघाच्या अंतरावर नेऊन मोजली तर ती सूर्याच्या त्रिज्येच्या सुमारे १.७ पट भरते. मेघातील राक्षसी तारे याहून कितीतरी मोठे असतात, त्यामुळे भिंग ताऱ्याच्या छोट्याशा भागावरच काम करते आणि वर्धन विरून जाते.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी एक व्यावहारिक सूचना. मोठा मॅगेलनी मेघ दक्षिणेकडे सुमारे ७० अंश क्रांतीवर, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासून तितक्या कोनावर, आहे. पुण्याहून तो क्षितिजापासून जेमतेम दोन अंश वर येतो, म्हणजे प्रकाशमापनाच्या दृष्टीने तो येथून नाहीच. फुगवटा चांगला ४० अंशांवर येतो, पण त्याचा सर्वोत्तम काळ जून-जुलै, म्हणजे नेमका पावसाळा. लडाखमधील हानले येथे पावसाची ही अडचण बरीच कमी आहे आणि तेथे भारतीय खगोलभौतिकी संस्था व मुंबईची आयआयटी यांची ७० सेंटिमीटरची ग्रोथ-इंडिया ही स्वयंचलित दुर्बीण चालते. असे असले तरी आपल्यापैकी बहुतेकांसाठी खरा मार्ग सार्वजनिक विदेचाच आहे, आणि त्यात कोणताही कमीपणा नाही.

विदा मिळवणे आणि प्रकाशवक्र जुळवणे

वॉर्सा विद्यापीठाचा ओगल प्रकल्प आंद्जेई उदाल्स्की यांच्या नेतृत्वाखाली १९९२ पासून चिलीतील लास कम्पानास येथून चालू आहे. चालू घटनांची आगाऊ सूचना देणाऱ्या त्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक घटनेची प्रकाशमापनाची फाइल मिळते. तिच्यात पाच स्तंभ असतात: सूर्यकेंद्री ज्युलियन दिनांक, अवरक्ताजवळच्या ‘आय’ पट्ट्यातील प्रत, प्रतीतील त्रुटी, प्रतिमेची रुंदी आणि आकाशाच्या पार्श्वभूमीचे तेज. शेवटचे दोन स्तंभ नवखे लोक टाकून देतात. ते टाकू नयेत, कारण संशयास्पद बिंदू बहुधा रुंद प्रतिमेच्या किंवा चांदण्या रात्रीच असतात आणि हे पडताळून पाहण्याचा तोच एक मार्ग असतो.

पहिले काम प्रतीचे तेजात रूपांतर करण्याचे. प्रत ही लॉगरिथमवर आधारलेली मोजणी आहे. जुळवणी नेहमी तेजावर करावी. त्यानंतर मापलेले तेज असे लिहावे:

मापलेले तेज = स्रोतताऱ्याचे मूळ तेज × वर्धन + मिसळीचे तेज

मिसळ म्हणजे त्याच ठिपक्यात सामावलेल्या, पण भिंगाचा परिणाम न झालेल्या इतर ताऱ्यांचा प्रकाश. मेघांसारख्या गर्दीच्या भागात एक ‘तारा’ म्हणून नोंदलेला ठिपका प्रत्यक्षात अनेक ताऱ्यांचा असतो. कोणत्याही क्षणीचा उ तीन आकड्यांतून मिळतो: घटनेच्या माथ्याचा दिनांक, त्या वेळचे सर्वांत लहान अंतर आणि घटनाकाल. माथ्यापासून गेलेला वेळ घटनाकालाने भागावा, त्याचा वर्ग लहानतम अंतराच्या वर्गात मिळवावा आणि वर्गमूळ काढावे.

या रचनेचा एक फायदा घेतला तर संगणकाचे काम फार हलके होते. तीन आकडे निश्चित केले की स्रोताचे तेज आणि मिसळीचे तेज साध्या रेषीय जुळवणीतून एका झटक्यात मिळतात. म्हणून शोध पाच नव्हे, तीनच आकड्यांत घ्यावा. आरंभीचे अंदाज डोळ्यांनी बांधता येतात. माथ्याचा दिनांक म्हणजे सर्वांत तेजस्वी बिंदूचा दिनांक. लहानतम अंतर म्हणजे मोठ्या वर्धनाच्या घटनेत जवळजवळ एक भागिले वर्धन. आणि तेज मूळच्या १.३४ पटीच्या वर जितके दिवस राहते, त्याच्या निम्म्याच्या आसपास घटनाकाल. त्यानंतर किमान वर्गांची पद्धत वापरावी आणि अनिश्चितता काढण्यासाठी मार्कोव्ह साखळीची नमुनापद्धत चालवावी. पायथनमध्ये मुलेन्समॉडेल आणि पायलिमा हे दोन संच यासाठी मुक्तपणे उपलब्ध आहेत, परंतु पहिली जुळवणी स्वतः लिहिलेल्या वीस-तीस ओळींतच करावी, असा माझा आग्रह आहे. आकडे कोठून येतात हे एकदा कळले, की तयार संचाचे उत्तर चुकले तर ते लगेच जाणवते.

जुळवणीपूर्वी घटनेबाहेरील शांत काळातील बिंदू घेऊन त्रुटी तपासाव्यात. प्रकल्पांनी दिलेल्या त्रुटी अनेकदा वास्तवापेक्षा कमी असतात. शांत काळाचा काय-वर्ग (मापे व प्रारूप यांतील फरक त्रुटीच्या पटीत मोजून केलेली वर्गांची बेरीज) प्रति बिंदू एकच्या जवळ येईल इतके त्यांना वाढवावे. जुळवणीनंतर मिसळीचे तेज पाहावे. ते किंचित ऋण आले तर दचकू नये, कारण गर्दीत पार्श्वभूमी नीट मोजली जात नाही. ते ठळकपणे ऋण आले, तर प्रारूप चुकीचे आहे. मिसळ, लहानतम अंतर आणि घटनाकाल हे तिघे एकमेकांची जागा घेऊ शकतात, हेही ध्यानात ठेवावे. मिसळ जास्त धरली की घटना लांबते आणि वर्धन वाढते, तरी वक्र तसाच दिसतो. घटनेच्या पायथ्याशी, जेथे तेज नुकतेच चढू लागते, तेथे पुरेसे बिंदू असतील तरच ही संदिग्धता सुटते.

घटना काही महिने चालली तर पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या भ्रमणाचा परिणाम वक्रावर उमटतो आणि वक्राची सममिती मोडते. त्यासाठी लंबनाचे (पाहण्याची जागा बदलल्याने पडणाऱ्या या फरकाचे) दोन आकडे, उत्तर आणि पूर्व दिशेचे, प्रारूपात घालावे लागतात. लंबन मोजता आले तर गोळा जवळचा की दूरचा याविषयी बरेच सांगता येते, आणि आइन्स्टाइन त्रिज्येचा कोनही मोजता आला तर थेट वस्तुमान मिळते. कैलाश साहू आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ओगल-२०११-बीएलजी-०४६२ या घटनेत हबल दुर्बिणीने स्रोतताऱ्याचे सूक्ष्म सरकणे मोजले आणि सूर्याच्या सुमारे सातपट वस्तुमानाचे एकाकी कृष्णविवर दाखवून दिले. ते फुगवट्याच्या दिशेचे आणि ताऱ्यापासूनच बनलेले कृष्णविवर आहे, कृष्णद्रव्य नव्हे. परंतु पद्धतीची पोच त्यातून कळते.

तोतये ओळखणे

उजळणारा प्रत्येक तारा भिंगाखाली आलेला नसतो. कोट्यवधी ताऱ्यांत रूपविकारी (आपोआप तेज बदलणारे) तारेच अधिक सापडतात आणि त्यांची संख्या खऱ्या घटनांच्या हजारो पट असते. तीन कसोट्या मुख्य आहेत. गुरुत्व सर्व रंगांचा प्रकाश सारखाच वाकवते, म्हणून मिसळ वजा केल्यावर लाल आणि निळ्या पट्ट्यांतील वर्धन सारखे असले पाहिजे. वक्र माथ्याभोवती सममित असला पाहिजे. आणि एकाच ताऱ्याला पुन्हा असा योग येण्याची शक्यता नगण्य असल्याने घटनेआधी व नंतर तो शांत असला पाहिजे.

मेघांतील सर्वांत त्रासदायक तोतये म्हणजे काही तेजस्वी निळे तारे, जे मधूनच थोडे उजळतात आणि लाल पट्ट्यात अधिक उजळतात. मेघाच्या मागील दीर्घिकांतील अतिनवतारे (स्फोट होणारे तारे) हा दुसरा गट. त्यांचा चढ जलद आणि उतार मंद असतो, त्यामुळे असममितीवरून ते पकडता येतात. तिसरी कसोटी मात्र वेळ मागते. माचो आणि तसाच शोध घेणारा इरॉस या दोन्ही प्रकल्पांच्या आरंभीच्या यादीतील काही तारे वर्षांनंतर पुन्हा उजळले आणि यादीतून बाद झाले. म्हणून एखादा उमेदवार सापडला, की त्याच स्थानाची इतर पाहण्यांतील, शक्य तितकी जुनी आणि नवी विदा काढून पाहणे हे पर्यायी काम मानू नये.

शोधक्षमता: ज्यावर सारे अवलंबून आहे

येथपर्यंत आपण सापडलेल्या घटनांविषयी बोललो. आता निसटलेल्या घटनांकडे वळू.

सर्वप्रथम निवडीचे निकष लिहून काढावेत: किमान किती सलग बिंदू शांत पातळीच्या वर हवेत, भिंगाचे प्रारूप सपाट रेषेपेक्षा किती चांगले जुळले पाहिजे, लहानतम अंतराची मर्यादा किती, कोणत्या रंगाचे व प्रतीचे तारे वगळायचे. हे निकष विदेच्या एका छोट्या भागावर ठरवावेत आणि मग गोठवावेत. उमेदवार पाहून निकष बदलले, तर पुढचा सारा हिशेब निरर्थक होतो. आवडत्या घटनेसाठी निकष जरा सैल करण्याचा मोह खरा असतो आणि तो टाळावाच लागतो.

मग कृत्रिम घटना घालाव्यात. पाहणीतील खऱ्या ताऱ्यांपैकी यदृच्छया एक तारा निवडावा. माथ्याचा दिनांक पाहणीच्या संपूर्ण काळात समान शक्यतेने, लहानतम अंतर शून्य ते एक यांदरम्यान समान शक्यतेने आणि घटनाकाल एक दिवसापासून हजार दिवसांपर्यंत लॉगरिथमच्या प्रमाणात निवडावा. त्या ताऱ्याच्या खऱ्या बिंदूंवर हे वर्धन लावावे. त्यामुळे ढगाळ रात्री, दुर्बिणीच्या दुरुस्तीचे खंड आणि खराब चित्रे आपोआप हिशेबात येतात, आणि म्हणूनच काल्पनिक वक्रांऐवजी खरे वक्र घ्यावेत. तारा उजळला की त्याच्या मापातील सापेक्ष त्रुटी कमी होते, तो बदलही करावा. त्यानंतर तेच गोठवलेले निकष लावून किती घटना टिकतात ते मोजावे. अशा काही लाख कृत्रिम घटनांवरून घटनाकालानुसार शोधक्षमतेचा आलेख तयार होतो. सर्वसाधारणपणे तो लहान घटनाकालाला पडलेला, मध्ये वर चढलेला आणि पाहणीच्या लांबीजवळ पुन्हा खाली येणारा असतो.

मिसळीमुळे येथे एक सूक्ष्म गुंतागुंत होते. ठिपक्यात अनेक तारे असतील तर भिंगाखाली येऊ शकणाऱ्या ताऱ्यांची खरी संख्या नोंदीपेक्षा अधिक असते, परंतु प्रत्येकाचे उजळणे मिसळीत बुडून कमी दिसते. माचो प्रकल्पाने यासाठी प्रत्यक्ष चित्रांत कृत्रिम तारे घालून तपासणी केली. इरॉसने वेगळा मार्ग घेतला आणि गर्दीचा परिणाम कमी असलेल्या केवळ तेजस्वी ताऱ्यांपुरता निष्कर्ष काढला. ताऱ्यांची संख्या कमी झाली तरी चालेल, पण क्षमता खात्रीने कळावी, ही इरॉसची निवड मला अधिक पटते.

हिशेब

आता एक साधा हिशेब करून पाहू. एक कोटी तारे, २,००० दिवसांची पाहणी, घटनाकाल ५० दिवस आणि संपूर्ण प्रभामंडल गोळ्यांचे धरल्यास एक कोटी ताऱ्यांमागे ४.७ ही प्रकाशीय खोली. घटना आइन्स्टाइन वर्तुळात सरासरीने घटनाकालाच्या १.५७ पट वेळ राहते, म्हणून एकूण अपेक्षित घटना ४.७ गुणिले २,००० भागिले ५०, भागिले १.५७, म्हणजे सुमारे १२० येतात. शोधक्षमता ३० टक्के असेल तर त्यांपैकी ३६ आपल्या हाती लागायला हव्यात.

समजा, एकही सापडली नाही. प्वासाँच्या नियमानुसार अपेक्षा ३ असताना शून्य सापडण्याची शक्यता ५ टक्के असते. म्हणून ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते, की प्रभामंडलाचा ३ भागिले ३६, म्हणजे सुमारे ८ टक्क्यांहून अधिक भाग अशा गोळ्यांचा नाही. समजा, पाच सापडल्या आणि ज्ञात ताऱ्यांमुळे पाचच अपेक्षित होत्या. पाच घटनांसाठी ९५ टक्क्यांची वरची मर्यादा १०.५ असते, त्यातून पाच वजा केल्यास ५.५ उरतात आणि मर्यादा ढोबळमानाने १५ टक्के येते. आता शोधक्षमता ३० ऐवजी प्रत्यक्षात १५ टक्केच होती असे धरा. पहिल्या उदाहरणातील ८ टक्क्यांची मर्यादा लगेच सुमारे १७ टक्क्यांवर जाते, एकही नवी घटना न सापडता. शोधक्षमतेवर इतका भर देण्याचे कारण हेच.

खऱ्या कामात एकच घटनाकाल धरून चालत नाही. प्रत्येक वस्तुमानासाठी प्रभामंडलाची घनता आणि वेगांचे वितरण घेऊन घटनाकालांचे वितरण काढावे, त्याला शोधक्षमतेच्या आलेखाने गुणून बेरीज करावी आणि वस्तुमान विरुद्ध प्रभामंडलातील वाटा असा आलेख मांडावा. संपूर्ण शोधाचे उत्तर या एका आलेखात असते.

मिळालेली उत्तरे कशी वाचावीत

माचो प्रकल्पाने ऑस्ट्रेलियातील माउंट स्ट्रॉम्लो येथील १.२७ मीटरच्या दुर्बिणीने ५.७ वर्षे १ कोटी १९ लाख तारे पाहिले. चार्ल्स अल्कॉक आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये १३ ते १७ घटना जाहीर केल्या आणि प्रभामंडलाचा सुमारे २० टक्के भाग सूर्याच्या ०.१५ ते ०.९ पट वस्तुमानाच्या गोळ्यांचा असावा, असा अर्थ लावला. चिलीतील ला सिया येथील इरॉस-२ या पाहणीने ६.७ वर्षांत ७० लाख तेजस्वी तारे तपासले. सूर्याच्या ०.४ पट गोळ्यांनी प्रभामंडल भरलेले असते तर तिला सुमारे ३९ घटना दिसायला हव्या होत्या. तिला एकच उमेदवार मिळाला, तोही छोट्या मॅगेलनी मेघात. तिने ८ टक्क्यांची वरची मर्यादा घातली.

दोन काळजीपूर्वक केलेल्या पाहण्यांतील हा विरोध समजून घ्यायचा असेल, तर ‘भिंग कोठे आहे’ हा प्रश्न विचारावा लागतो. एकट्या घटनाकालातून त्याचे उत्तर मिळत नाही, कारण वस्तुमान, अंतर आणि वेग हे तिन्ही त्यात मिसळलेले असतात. साहू यांनी १९९४ मध्येच सुचवले होते, की मोठ्या मेघातील तारेच त्याच मेघातील मागच्या ताऱ्यांसाठी भिंग ठरू शकतात. माचोच्या मोठ्या मेघातील पाचव्या घटनेचे भिंग तर हबल दुर्बिणीने प्रत्यक्ष दाखवले: तो आपल्याच तबकडीतील एक तांबडा बटू निघाला. छोट्या मेघात १९९८ मध्ये दिसलेल्या एका जोडभिंगाच्या (दोन गोळ्यांच्या जोडीने बनलेल्या भिंगाच्या) घटनेतही भिंग मेघातच असल्याचे दिसून आले. म्हणून ज्ञात ताऱ्यांमुळे किती घटना अपेक्षित आहेत, हा आकडा हिशेबात पहिल्या दिवसापासून असला पाहिजे.

गुरुत्वीय लहरींच्या शोधानंतर, २०१५ पासून, तीस सूर्यांच्या आसपासची कृष्णविवरे हीच कृष्णद्रव्य असतील का, असा प्रश्न पुन्हा जोर धरू लागला. प्शेमेक म्रुझ, उदाल्स्की आणि ओगलच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये मोठ्या मेघातील सुमारे ७ कोटी ८७ लाख ताऱ्यांची वीस वर्षांची मापे एकत्र तपासून त्याचे उत्तर दिले. सारे कृष्णद्रव्य दहा सूर्यांच्या कृष्णविवरांचे असते तर २५८ घटना दिसायला हव्या होत्या, शंभर सूर्यांच्या असती तर ९९ आणि हजार सूर्यांच्या असती तर २७. सापडल्या त्या १३, आणि त्या सर्व आपल्या तबकडीतील व मेघातील ताऱ्यांनी समजावून सांगता येतात. सूर्याच्या ०.०००१८ पटींपासून ६.३ पटींपर्यंतच्या गोळ्यांचा कृष्णद्रव्यातील वाटा एक टक्क्याहून अधिक नाही, आणि ०.००००१३ पटींपासून ८६० पटींपर्यंत तो दहा टक्क्यांहून अधिक नाही, असा तो निष्कर्ष आहे. वीस वर्षांची सलग मालिका नसती तर जड बाजूची मर्यादा घालताच आली नसती.

स्वतः सराव करायचा असल्यास ओगलच्या फुगवट्याकडील दहा-बारा घटना घ्याव्यात, आधी मिसळ शून्य धरून व नंतर ती मोकळी सोडून जुळवणी करावी आणि घटनाकाल किती सरकतो ते नोंदवावे. त्यानंतर ज्यांत काहीही घडले नाही अशा ताऱ्यांचे प्रकाशवक्र गोळा करून त्यांत कृत्रिम घटना घालाव्यात आणि आपल्या निकषांतून किती टिकतात ते पाहावे. घटनाकाल ३०० दिवसांच्या पुढे नेताना लंबन प्रारूपात ठेवून आणि काढून, असे दोन्ही प्रकारे क्षमता मोजावी, कारण लंबनाने बिघडलेली सममिती निकषांना तोतयासारखी भासते आणि सर्वांत जड गोळ्यांच्या घटना नेमक्या तेथेच गळतात.